सोलो: हान सोलोचं तरुणपण कुणी मागितलं होतं? (आशा, धास्ती, अफवा सगळं इथे)

खगोलखोर | ६ फेब्रुवारी २०१८

सुपर बोल या अमेरिकी फुटबॉल सामन्याच्या जाहिरातींत एक तुकडा दाखवला आणि पाठोपाठ 'सोलो'चा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या हान सोलोच्या तरुणपणावरच्या सिनेमाचा, टीझर आला एकदाचा. सिनेमा २५ मेला लागणार. चार महिनेसुद्धा राहिले नाहीत आणि आत्ता कुठे मुखदर्शन होतंय. 'द फोर्स अवेकन्स'चा पहिला टीझर वर्षभर आधी आला होता हे आठवलं की पोटात गोळा येतो.

ज्यांनी लक्ष ठेवलं नव्हतं त्यांच्यासाठी आतापर्यंतचं रामायण: फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर ही जोडी ('२१ जंप स्ट्रीट', 'द लेगो मूव्ही') २०१५ मध्ये दिग्दर्शनासाठी ठरली. २०१७ च्या सुरुवातीला लंडनजवळ पाइनवुडमध्ये चित्रीकरण चालू झालं. जूनमध्ये, काही आठवड्यांचंच काम उरलेलं असताना, दोघांच्या हातात नारळ. कारण 'सर्जनशील मतभेद'. दोनच दिवसांत रॉन हॉवर्डचं नाव जाहीर. त्याने ऑक्टोबरात चित्रीकरण संपवलं आणि सिनेमाचं नाव आपल्याला तेव्हा कळलं. मधल्या काळात संकलक बदलला. मायकेल के. विल्यम्सला पुन्हा चित्रीकरणाला येणं जमलं नाही, म्हणून खलनायकाच्या कामात पॉल बेटनी आला. अभिनयाचा शिक्षक आणल्याचीही बातमी छापून आली होती.

एवढं झाल्यावर कुणालाही शंका येणारच. माझी शंका मात्र या सगळ्याच्या आधीची आहे. लॉर्ड-मिलर राहिले असते तरी ती राहिलीच असती.

१९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्समध्ये मोस आयस्लीच्या गुत्त्यात हा तस्कर हान पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो कोण, कुठला, आईबाप कोण, काही सांगत नाहीत. डोक्यावर कर्ज आहे, यान खटारा आहे आणि तोंड मात्र तेज आहे. एवढ्या भांडवलावर माणूस उभा राहतो. केसेल रन ही तस्करांची अवघड वाट बारा पार्सेकच्या आत पार केली असं तो म्हाताऱ्या ओबी-वानला छातीठोकपणे सांगतो. पार्सेक हे अंतराचं एकक. वेगाची बढाई अंतरात! पटकथेतसुद्धा ही उघड थाप आहे आणि म्हाताऱ्याला ती कळलेली आहे, असं नोंदवलेलं होतं. आता या प्रीक्वेलमध्ये, म्हणजे आधीच्या काळाच्या गोष्टीत, ती केसेल रन प्रत्यक्ष दाखवणार असं दिसतंय. थाप खरी निघाली तर थापाड्या कुठे राहिला?

बोला. गेल्या डिसेंबरातल्या 'द लास्ट जेडाय'वरची मारामारी कृपया त्या धाग्यावरच करा.

मोडकी दुर्बीण | ६ फेब्रुवारी २०१८

पहिला नंबर माझा!

कथा वगैरे नंतर. हानचं यान, फाल्कन, नीट पाहिलं का कुणी? पांढरंशुभ्र, कुठे ओरखडा नाही, आतून लखलखीत. आणि समोरच्या दोन सुळक्यांमधली खाच चक्क भरलेली आहे. मी थांबवून थांबवून पाहिलं. ती खाच कशी पडली हे सिनेमात दाखवणार असतील तर मी आत्ताच तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवते.

काकदृष्टी | ७ फेब्रुवारी २०१८

झालं. खाच कशी पडली, फासे कुठून आले, पिस्तूल कुणी दिलं, जाकीट कुणाचं. दोन तास नुसती उत्तरं. प्रश्न कुणीच विचारले नव्हते हा भाग अलाहिदा.

मला दुसरी भीती पैशांची आहे. २०१५, १६, १७, तीन वर्षं ओळीने डिसेंबर म्हणजे स्टार वॉर्स अशी सवय लावली यांनी. 'लास्ट जेडाय'ला जेमतेम पाच महिने होतायत तोच हा मेमध्ये. तेही 'इन्फिनिटी वॉर' आणि 'डेडपूल'च्या मागोमाग. आपल्याकडे मार्व्हलसाठी पहाटेचे खेळ लावतात आणि स्टार वॉर्सला रात्री पावणेअकराचा एक. डिस्नीने स्वतःचाच सिनेमा स्वतःच्याच दुसऱ्या सिनेमाच्या तोंडी दिला आहे.

आळशी जेडाय | ७ फेब्रुवारी २०१८

२५ मे ही तारीख मुद्दाम घेतली असणार. पहिला स्टार वॉर्स २५ मे १९७७ चा. 'रिटर्न ऑफ द जेडाय'सुद्धा २५ मे, १९८३.

काकदृष्टी | ७ फेब्रुवारी २०१८

मुहूर्त पाहून लग्न टिकत नाही हो.

फिल्लमबाज | ७ फेब्रुवारी २०१८

दिग्दर्शक बदलला म्हणजे सिनेमा बुडाला, हे समीकरण कुठून आलं? 'गॉन विथ द विंड'वर आधी जॉर्ज कुकर होता. त्याला काढून व्हिक्टर फ्लेमिंगला आणलं, आणि फ्लेमिंगला कुठून ओढलं तर 'द विझर्ड ऑफ ऑझ'वरून, जिथे तो स्वतःच दुसऱ्यांच्या मागून आला होता. दोन्ही १९३९ चे. दोन्ही अजून पाहिले जातात.

घरातलंच उदाहरण हवं तर 'रोग वन' घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात टोनी गिलरॉयला बोलावून बरंच पुन्हा चित्रित केलं. ट्रेलरमधले कितीतरी प्रसंग सिनेमात नव्हतेच. संगीतकारही बदलला: अलेक्झांडर देस्प्लाच्या जागी मायकेल जियाकिनो, आणि त्याला मिळाले साडेचार आठवडे. तेव्हाही बोंबाबोंब झाली होती. शेवटी सिनेमा शंभर कोटी डॉलरच्या वर गेला, आणि डार्थ व्हेडरचा तो बोळातला प्रसंग पाहताना थिएटरात कोण ओरडत होतं ते मला अजून आठवतं. (मीच.)

उलट बाजूचं उदाहरणही देतो, नाहीतर काकदृष्टी देतीलच. 'सुपरमॅन २'. रिचर्ड डॉनरला काढलं, रिचर्ड लेस्टर आला, आणि सिनेमाच्या मधोमध सूर बदललेला ऐकू येतो. पण तोही मला आवडतो.

रात्रपाळी | ८ फेब्रुवारी २०१८

मुंबईत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे सिनेमाच्या चित्रीकरणानंतरच्या कामात आहे. कुठे ते विचारू नका. या सिनेमाशी माझा संबंध नाही, पण अशा सिनेमांचे शॉट आमच्याकडे येतात म्हणून चार शब्द.

पुन्हा चित्रीकरण होणं ही बातमीच नाही. मोठ्या सिनेमात त्याचे दिवस आधीपासून राखलेले असतात, नटांच्या करारात लिहिलेले असतात. पहिली जुळणी पाहिल्यावर कळतं की अमुक दोन प्रसंगांना जोडणारा दुवाच नाही, मग तेवढं घेतात. 'रोग वन'मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, पण जात तीच.

'सोलो'चं वेगळं आहे. इथे चित्रीकरण चालू असताना माणसं बदलली. नव्या दिग्दर्शकाला जुनं काही ठेवायचं, काही टाकायचं. ठेवलेल्या प्रसंगात नट खोलीत शिरताना जुना आणि खुर्चीत बसताना नवा असू शकतो. मधे केस वाढलेले, वजन बदललेलं, प्रकाश वेगळा. हे सगळं जुळवायचं काम शेवटी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतं.

प्रेक्षकाला ते दिसेल का? बहुतेक नाही. 'जस्टिस लीग'मध्ये दिसलं, कारण हेन्री कॅव्हिल तेव्हा दुसऱ्या सिनेमासाठी मिशी राखून होता आणि ती काढायला परवानगी नव्हती. मग संगणकावर त्याचा वरचा ओठ नव्याने बनवला आणि जगभर हसू झालं. मिशीइतकं ठळक काही नसेल तर सांधे सापडत नाहीत.

मला खरी चिंता तारखेची. एवढा गोंधळ होऊनही २५ मे हलवली नाही. चित्रीकरण लांबलं की ते दिवस कुणाच्या खात्यातून जातात हे मी सांगायला नको. टीझर उशिरा येण्याचं कारणही मला यातच दिसतं. दाखवायला पुरे झालेले शॉट तरी हवेत ना.

आळशी जेडाय | ८ फेब्रुवारी २०१८

रात्रपाळीताई, दंडवत. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

सनीवेलकर | ८ फेब्रुवारी २०१८

रॉन हॉवर्डबद्दल कुणीच बोलत नाही. तो या घरातला जुना माणूस आहे. १९७३ मध्ये स्टार वॉर्सच्या कर्त्या जॉर्ज लुकासच्या 'अमेरिकन ग्राफिटी'त त्याने काम केलंय, त्याच सिनेमात हॅरिसन फोर्ड, म्हणजे आपला मूळ हानही आहे, शर्यतीची गाडी घेऊन फिरणारा उर्मट पोरगा. लुकासच्या कथेवरचा 'विलो' हॉवर्डने केला. १९९९ चा स्टार वॉर्स 'फँटम मेनेस' कर म्हणून लुकासने विचारलं होतं असं तो स्वतः सांगतो, तेव्हा त्याने नको म्हटलं. 'अपोलो १३'मध्ये शेवट सगळ्या जगाला माहीत असताना त्याने श्वास रोखायला लावला. प्रीक्वेलला नेमका हाच गुण लागतो.

तरी मला हुरहुर लागून आहे. हॉवर्ड सिनेमा बिघडवणार नाही, याची खात्री आहे. पण लॉर्ड-मिलरनी काहीतरी वेडं केलं असतं. 'लेगो मूव्ही' येण्याआधी प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर सिनेमा म्हणून सगळे हसत होते. इथे आमच्या ऑफिसात एकजण म्हणाला, नीट बसवलेला सिनेमा मिळेल आता, पण हानवरचा सिनेमा नीट बसलेला का असावा? त्याचं यानसुद्धा हाणल्याशिवाय चालू होत नाही.

खगोलखोर | ८ फेब्रुवारी २०१८

सनीवेलकर, तुमच्या ऑफिसातल्या माणसाला इथे खातं काढायला सांगा.

भांडण नेमकं त्याच्यावरूनच झालं असं छापून आलंय. लॉर्ड-मिलरना सेटवर नटांना मोकळं सोडून, लिहिलेलं बाजूला ठेवून प्रसंग फुलवायची सवय. आणि पटकथा लॉरेन्स कॅस्डनची, सोबत मुलगा जोनाथन. म्हाताऱ्याचं म्हणणं, लिहिलंय ते बोला. मला यात कॅस्डनची बाजू घ्यावीशी वाटते. 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा हान कागदावर त्याने घडवलाय. माझ्या आशेचा सगळा भार या एका माणसावर आहे. हानला काय शोभतं आणि काय नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

निवृत्त गणितबाई | ९ फेब्रुवारी २०१८

पार्सेकचा उल्लेख आला म्हणून लिहिते. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर एखाद्या ठिकाणाहून एक सेकंद इतक्या कोनात दिसत असेल, तर ते ठिकाण आपल्यापासून एक पार्सेकवर आहे. एक सेकंद म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. एक पार्सेक सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं भरतो. बारा पार्सेक म्हणजे ३९ प्रकाशवर्षं. वेळेशी काही संबंध नाही, हे खगोलखोर यांचं बरोबर.

मात्र थाप म्हणून सोडून देण्याआधी एक विचार करा. वाटेत कृष्णविवरं असतील तर सगळे लांबून वळसा घालतील. ज्याचं यान जास्त वेगवान तो जास्त जवळून जाऊ शकेल, म्हणून त्याचं अंतर कमी भरेल. अशा वाटेवर कमी अंतर हाच वेगाचा पुरावा. माझ्या भाच्याने सांगितलं की जुन्या स्टार वॉर्स कादंबऱ्यांत हाच खुलासा दिला होता.

खगोलखोर | ९ फेब्रुवारी २०१८

बाई, खुलासा सुरेख आहे. आणि मला नेमकी त्याचीच भीती आहे. त्या कादंबऱ्या २०१४ मध्ये डिस्नीने 'दंतकथा' म्हणून बाजूला काढल्या तेव्हा मी हळहळलो होतो, पण ही एक गोष्ट सुटली म्हणून बरंही वाटलं होतं. आता ती मागच्या दाराने परत येतेय.

चिंचपोकळी ते कोरुसांट | १० फेब्रुवारी २०१८

सगळं बोललात, मुख्य बोला की. तो पोरगा हॅरिसन फोर्डसारखा दिसतो का? नाही. बोलतो का? नाही. विषय संपला.

मोडकी दुर्बीण | १० फेब्रुवारी २०१८

संपला कसा? ऑल्डन एरेनराइकला कोएन बंधूंच्या 'हेल, सीझर!'मध्ये पाहा. गुराख्यांच्या सिनेमातला नट, त्याला उच्चभ्रू संवाद म्हणायला लावतात आणि एक साधं वाक्य त्याच्या तोंडात बसत नाही. राल्फ फाइन्ससमोर उभं राहून तो प्रसंग त्याने खिशात घातलाय. ज्याला विनोदाची वेळ एवढी कळते त्याला शिकवायला माणूस आणला, या बातमीवर माझा तरी विश्वास अर्धाच आहे.

आणि दिसण्याचं म्हणाल तर इंडियाना जोन्सच्या 'लास्ट क्रुसेड'मधला, तरुण इंडी झालेला रिव्हर फीनिक्स तरी कुठे दिसायचा फोर्डसारखा? पण पाचव्या मिनिटाला तोच इंडी झाला. खगोलखोर, तुमच्या मुद्द्यालाही हे उत्तर आहे बरं का. आगगाडीवरच्या त्या एका पाठलागात चाबूक, टोपी, हनुवटीवरचा व्रण, सापांची भीती, सगळ्याचे खुलासे एकाच दिवशी उरकलेत. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

खगोलखोर | १० फेब्रुवारी २०१८

बरं बिनतोड उदाहरण काढलंत. पण ती दहा-बारा मिनिटं आहेत, आणि सिनेमा स्वतःच्याच गमतीवर हसत ती दाखवतो. तेच दोन तास ताणून, गंभीर चेहऱ्याने, पंचवीस कोटी डॉलर घालून केलं तर? (खर्चाचा आकडा त्याच्याही वर गेलाय म्हणतात.)

काकदृष्टी | ११ फेब्रुवारी २०१८

आणि या मंडळींचा खुलाशांचा इतिहास पाहा. १९९९ मध्ये फोर्सचं, म्हणजे जेडायांच्या त्या गूढ शक्तीचं, स्पष्टीकरण दिलं, तर ती रक्ततपासणी निघाली. पहिल्या सिनेमाच्या १९९७ च्या नव्या आवृत्तीत हानला पकडायला आलेल्या ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली, का तर हान थंड डोक्याचा खुनी वाटू नये. हानला धुऊन पुसून गुणी मुलगा करायची खोड जुनीच आहे. आता त्याच्यावर प्रेमभंग लादतील, म्हणजे तो कडवट का झाला ते कळेल. एमिलिया क्लार्कची ती कीरा कुठल्याच जुन्या सिनेमात नाही, म्हणजे ती मरणार. लिहून ठेवा.

फिल्लमबाज | ११ फेब्रुवारी २०१८

लिहून ठेवलंय. तारखेसह.

मोडकी दुर्बीण | ९ एप्रिल २०१८

धागा वर काढते. ट्रेलर आला!!! हानचा जुना दोस्त लँडो! डोनाल्ड ग्लोव्हर पडद्यावर येतो तेव्हा बाकीचे कुठे बघायचं ते विसरतात. आणि हानचा तो केसाळ साथीदार चुई एकशे नव्वद वर्षांचा आहे हे कळल्यावर हानचा चेहरा. त्या दोघांचं झकास जमलंय, आता माझी काही तक्रार नाही.

चिंचपोकळी ते कोरुसांट | ९ एप्रिल २०१८

लँडोवर सिनेमा काढायला हवा होता. तरी पोरगा तेवढा वाईट वाटला नाही या वेळी.

रात्रपाळी | १० एप्रिल २०१८

ट्रेलरमधली छायाचित्रणाची बाजू पाहिलीत का? ब्रॅडफर्ड यंग, 'अरायव्हल'वाला. खिडकीतून किंवा दिव्यातून येईल तेवढाच प्रकाश, बाकी धूर आणि काळोख. स्टार वॉर्समध्ये असा पोत आजवर नव्हता. माझी आशा इथे आहे. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच मल्टिप्लेक्सांत प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालेला असतो. तिथे हा सिनेमा चिखलासारखा दिसेल. पडदा निवडून जा.

आणि हो, श्रेयनामावलीचा निकाल लागलाय. दिग्दर्शक म्हणून एकट्या हॉवर्डचं नाव, लॉर्ड आणि मिलर कार्यकारी निर्माते. यावरून नवं किती चित्रित झालं असेल त्याचा अंदाज बांधा.

काकदृष्टी | १० एप्रिल २०१८

ट्रेलर चांगला असणं हा ट्रेलर कापणाऱ्याचा गुण. 'फँटम मेनेस'चा ट्रेलर पाहायला लोक दुसऱ्याच सिनेमाची तिकिटं काढून जात होते.

सनीवेलकर | १६ मे २०१८

काल कान महोत्सवात दाखवला. परीक्षणं येऊ लागलीत: 'ठीक', 'मजेदार', 'गरज नव्हती'. कुणी शिव्या देत नाहीये, कुणी नाचतही नाहीये. गेल्या जूनमध्ये मी असं काही मिळेल या आशेवर नव्हतो, त्यामुळे माझी २४ च्या रात्रीची तिकिटं पक्की.

आळशी जेडाय | २५ मे २०१८

पुण्यात आज मोजकेच खेळ. 'परमाणु' आजच लागलाय, 'राझी' अजून जोरात, 'डेडपूल' आहेच. परवाचं तिकीट काढलंय, रात्री आयपीएलची फायनल आहे, थिएटर आपल्या बापाचं.

मोडकी दुर्बीण | २६ मे २०१८

पुढे स्पॉयलर आहेत. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथून परत फिरा. वाचलंत तर माझ्याशी भांडायला येऊ नका.

खाच!!! त्या जागी सुटं होणारं छोटं यान बसवलेलं असतं. केसेलहून पळताना अंतराळातला तो अवाढव्य प्राणी मागे लागतो आणि हान ते यान सोडून त्याला चकवतो. तिथपासून फाल्कनला खाच. पडद्यावर ते यान वेगळं झालं तेव्हा मी टाळी वाजवली. माझ्या रांगेत बाकी कुणी वाजवली नाही.

केसेल रनचा पूर्ण भाग जबरदस्त आहे. आगगाडीचा दरोडाही. सिनेमा जिथे धावतो तिथे फार मजा येते, जिथे बसून बोलतो तिथे जांभई. हानचा गुरू बेकेट (वुडी हॅरल्सन) मस्त. लँडोची ती एल३ रोबो मला अर्धीच आवडली.

रात्रपाळी | २६ मे २०१८

सांधे शोधायचे नाहीत असं ठरवून गेले आणि पहिला अर्धा तास तेच केलं. सापडले नाहीत. ज्यांनी कुणी रात्री जागवल्या त्यांना सलाम. पण काळोखाची भीती खरी ठरली. मी गेले त्या पडद्यावर सुरुवातीच्या कोरेलिया ग्रहावरच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येत नव्हते. मध्यंतरात तक्रार केली तर 'सिनेमाच तसा आहे मॅडम' असं उत्तर मिळालं.

खगोलखोर | २७ मे २०१८

पाहिला. कंटाळा आला नाही, हे आधी सांगतो.

पण आडनाव! पळून जाताना भरतीच्या रांगेत उभा राहतो, साम्राज्याचा कारकून विचारतो तुझी माणसं कोण, हा म्हणतो कुणी नाही, एकटाच. कारकून लिहितो: सोलो. मी खुर्चीत डोकं धरलं. चाळीस वर्षं हे आडनाव नुसतं आडनाव होतं, त्याला कारण लागत नव्हतं. सिनेमात जे जे वाईट आहे ते याच जातीचं आहे. आणि ते नेमकं कॅस्डन बापलेकांच्या लिखाणातलं, म्हणजे दिग्दर्शक बदलला म्हणून झालं असंही म्हणता येत नाही. वर्षभर आपण सेटवरच्या भांडणांची चर्चा केली. दुखणं कागदावर होतं.

फिल्लमबाज | २७ मे २०१८

आडनावाबद्दल सहमत. पण शेवट विसरताय तुम्ही. बेकेट बोलता बोलता हात पिस्तुलाकडे नेतोय, आणि हान त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. झाडतो. आधी! १९९७ पासून ज्यासाठी आपण रडतोय ते यांनी सिनेमाच्या शेवटी, गुरूवरच, करून दाखवलं. हे कॅस्डनने कुणाला तरी उद्देशूनच लिहिलंय असं मला वाटतं. गुणी मुलगा करण्याचा आरोप निदान तिथे तरी टिकत नाही.

सबाकचा, म्हणजे पत्त्यांचा, डावही पाहा. लँडो बाहीत पत्ता लपवतो हे हानला कळतं, तो आधीच पत्ता काढून घेतो आणि मग खेळतो. 'एम्पायर'मध्ये तो लँडोला सांगतो की फाल्कन मी सरळ खेळून जिंकलं. सरळ म्हणजे किती सरळ, ते आता कळलं.

काकदृष्टी, कीरा जिवंत आहे. ११ फेब्रुवारीची नोंद माझ्याकडे आहे.

काकदृष्टी | २७ मे २०१८

जिवंत ठेवली, कारण पुढचा भाग विकायचाय. म्हणून तर 'फँटम मेनेस'मधला खलनायक डार्थ मॉल आणून बसवला! माझ्या शेजारचा माणूस बायकोला विचारत होता, हा १९९९ मध्ये कमरेतून कापला होता ना? ॲनिमेशन मालिका पाहिल्याशिवाय तो जगला कसा हे कळायची सोय नाही. थिएटरात निम्मे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. आता पुढचा भाग निघतो का ते बघा.

सनीवेलकर | २९ मे २०१८

अमेरिकेतल्या लांब वीकेंडचे चार दिवस धरून दहा कोटी डॉलरच्या थोडं वर. दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला पेढे वाटले असते. 'रोग वन'ने तीन दिवसांत याच्या दीडपट कमावले होते. मॉलला विसरा बहुतेक.

मला वाईट वाटतंय. आमच्या खेळाला पुढच्या चार रांगा रिकाम्या होत्या, आणि मागे बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं चुईच्या प्रत्येक डरकाळीला हसत होती. त्यांना लॉर्ड-मिलर कोण ते माहीत नव्हतं.

आळशी जेडाय | २९ मे २०१८

आमच्याकडे फायनलच्या रात्री मिळून नऊजण होतो. मध्यंतरात सगळे एकत्र स्कोअर बघत उभे. वॉटसनने शतक ठोकलं तेव्हा एकजण घरी गेला, आठ उरले. सिनेमा मला आवडला. पुन्हा बघेन का? टीव्हीवर लागला तर.

निवृत्त गणितबाई | ३० मे २०१८

भाच्याबरोबर पाहिला. खगोलखोर, तुमचा आडनावावरचा राग समजतो, पण तुम्ही बारा पार्सेकबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते.

शर्यत संपल्यावर हान बारा पार्सेक म्हणून ओरडतो. चुई गुरगुरून हरकत घेतो. त्यावर हान म्हणतो, खालच्या पूर्णांकात धरलं तर बाराच. आता पाहा. खरं अंतर बारा किंवा त्याहून कमी असतं, तर खाली आणायची गरज पडली नसती आणि चुईने हरकत घेतली नसती. म्हणजे ते बाराहून जास्त होतं. नेहमीच्या नियमाने साडेबाराच्या आतलं अंतर आपोआप बाराच धरलं जातं. ज्या अर्थी याला मुद्दाम 'खाली' असं सांगावं लागलं, त्या अर्थी ते साडेबारा ते तेराच्या मधलं असावं, असा माझा कयास.

आणि १९७७ च्या सिनेमात तो ओबी-वानला काय सांगतो? बाराच्या आत.

तेव्हा शर्यत खरी, वाट खरी, अंतराचा हिशोबही खरा. आकडा मात्र तेव्हाही खोटा होता आणि आत्ताही खोटाच आहे. म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

मोडकी दुर्बीण | ३० मे २०१८

बाई!!!!

खगोलखोर | ३० मे २०१८

हे मान्य. आडनावाचं नाही.